कॉफीचा गाळ आणि समुद्रावरचं घर

इस्राएलमध्ये राहून 'बोत्स' प्यायला नाही असा माणूस विरळाच. ग्लासात कॉफीची पूड टाकायची, वर उकळतं पाणी, आणि पिऊन झालं की तळाचा चिखल सिंकमध्ये. पण हाच गाळ एका थोर लेखकाने चित्रं काढायला वापरला. 'ले मिझराब्ल' लिहिणारे व्हिक्टर ह्यूगो. त्यांचं घर बघण्याचा योग आला, त्याविषयी चार शब्द.

हे घर गर्न्सी बेटावर आहे. बेट ब्रिटिश राजाच्या अखत्यारीत, पण फ्रान्सच्या किनाऱ्याला जवळ. नोटासुद्धा त्यांच्या स्वतःच्या. लंडनहून विमानाने साधारण तासाभराचा प्रवास. सेंट पीटर पोर्ट या बंदराच्या गावात चढणीचा रस्ता चढून गेलं की ओतव्हिल हाऊस लागतं. आधी नोंदणी करावी, कारण घर फक्त उन्हाळ्याच्या महिन्यांत उघडं असतं.

१८५१ साली लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, तेव्हा विरोध केला म्हणून ह्यूगोंना फ्रान्स सोडावा लागला. आधी ब्रुसेल्स, मग जर्सी बेट, तिथूनही हाकलल्यावर १८५५ साली गर्न्सी. पुढच्या वर्षी पुस्तकाच्या कमाईतून त्यांनी हे घर घेतलं. खालच्या खोल्या अंधाऱ्या, कोरीव लाकडाने भरलेल्या. जिने चढत जावं तसा उजेड वाढतो आणि शेवटी छतावर काचेची खोली येते. तिथे ते उभं राहून लिहीत. समोर समुद्र, आणि हवा स्वच्छ असली की पलीकडे फ्रान्सचा किनारा. १८५९ साली माफी जाहीर झाली, तरी ते गेले नाहीत. बादशाही कोसळल्यावर, १८७० सालीच परतले.

या माणसाने आयुष्यात काही हजार चित्रं काढली. शाई, कोळशाची पूड, काजळी, कॉफी, जे हाताशी येईल ते. कागदावर शाईचा डाग पाडायचा, कागद दुमडायचा, पिसाने किंवा काडीने ओढायचा, वरून काळी कॉफी शिंपडायची. त्यातून वादळ, किल्ला, ऑक्टोपस उभा राहायचा. रंग विकत घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण हाताशी आहे त्यातून काहीतरी उभं करायचं, हा स्वभावच. आपल्या जुन्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. माआबारात पत्र्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्यांनी दुसरं काय केलं? फरक एवढाच, की ह्यूगोंना घरातून घालवलं होतं आणि आपण घरी येत होतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची. १८८२ साली रशियात यहुद्यांवर अत्याचार चालले होते, तेव्हा ऐंशी वर्षांच्या ह्यूगोंनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला.

मात्र चित्रं बघायच्या आशेने गर्न्सीला गेलात तर निराशा होईल. बहुतेक चित्रं पॅरिसला, राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ह्यूगोंच्या तिथल्या घरात आहेत. तिथेही ती कायम भिंतीवर नसतात, कारण उजेडाने कागद आणि रंग खराब होतात. २०२५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शन भरलं, तेही थोडेच महिने.

तेव्हा नातवंडं सुट्टीत घरी आली की एकदा करून बघा. चमचाभर इन्स्टंट कॉफी अगदी थोड्या पाण्यात कालवली की गडद रंग, पाणी वाढवलं की फिकट. जाड कागद घ्या, आधी फिकट थर द्या, तो वाळल्यावर गडद. फार घट्ट लावलंत तर चिकट राहतं. चित्र चांगलं झालं तर फ्रेम करा, पण खिडकीसमोर टांगू नका. आपलं इथलं ऊन पडदेसुद्धा ठेवत नाही, कॉफीचं काय घेऊन बसलात!