तिसरा दिवा

दिवाळी अंकातला प्रवास म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे काश्मीर तरी उभे राहते, नाही तर युरोप. मी आपल्याला नेणार आहे दिंद्रुडला. बीडहून परळीच्या गाडीत बसावे, वडवणी मागे टाकावी, तेलगावला साखर कारखान्याची चिमणी दिसली की पिशव्या आवरायला घ्याव्यात. पुढचा मोठा थांबा दिंद्रुडचा. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. पाहण्यासारखे काय आहे, असे कंडक्टरला विचारू नये. तो तुमच्याकडेच पाहील.

जमीन काळी. आश्विनात कापूस फुटू लागलेला असतो आणि जिथे पाणी पोचले आहे तिथे ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. सिंदफणेवरच्या माजलगावच्या धरणाने या मुलखाला ऊस दिला खरा. परंतु या जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव देणारी ही गणना मराठीच्या कुठल्याच व्याकरणात सापडत नाही, पण दिंद्रुडच्या स्टँडवर ती सगळ्यांना पाठ आहे.

मी गेलो होतो ओव्यांसाठी. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅं यांनी केले. त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाच्या वर ओव्या जमविल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. या मोठ्या गंगेला मिळालेला नाही असा एक लहानसा ओढा दिंद्रुडजवळ आहे, असे मला कळले होते. एका शाळामास्तरांनी आसपासच्या वस्त्यांवरच्या ओव्या वह्यांत उतरवून घेतल्या होत्या आणि पंचवीस-एक वर्षांपूर्वी स्टँडजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात त्या संगणकावर चढविल्या होत्या. पुढे मास्तर गेले, वह्यांना वाळवी लागली. उरली ती संगणकातली प्रत. आणि उरल्या एक आजी, ज्यांच्याकडून मास्तरांनी निम्म्या ओव्या घेतल्या होत्या आणि ज्यांच्याजवळ न दिलेल्या अजून पुष्कळ होत्या.

आजींचे वय कोयता धरण्याचे राहिले नव्हते. पण मुलगा-सून निघाली की पालावर नातवंडे सांभाळायला त्यांना जावेच लागे. गाडी चार दिवसांनी निघायची होती.

दुकानदार चाळिशीतला, बोलण्यात मोजका. जुना संगणक त्याने कोपऱ्यात झाकून ठेवला होता. नव्या यंत्रावर ती प्रत उघडली की मराठीच्या जागी किडेमुंग्या दिसतात. कारण त्या काळी प्रत्येक मराठी प्रणालीचे अक्षरांचे संकेत निराळे असत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण ती सोय गावोगावच्या दुकानांपर्यंत यायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर मराठीचा संसार चालला तो पुण्याच्या श्रीलिपीवर, सी-डॅकच्या प्रणालींवर आणि अशाच इतरांवर. म्हणून जुन्या ओव्यांत नव्या ओव्या त्यांच्या जागी घालायच्या, तर जुनेच यंत्र हवे आणि त्याचा जुनाच कीबोर्डही. मराठीच्या प्राध्यापकाने खरे तर कळफलक म्हणावे; पण त्या दुकानात कळफलक म्हटले असते तर मला बाहेरच्या पाटीकडे बोट दाखविले असते.

या कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात तीन बारके दिवे असतात. एक आकड्यांचा, एक मोठ्या इंग्रजी अक्षरांचा आणि तिसरा ‘स्क्रोल लॉक’ नावाच्या कळीचा. ही तिसरी कळ १९८१ च्या आयबीएम संगणकावर आली ती पडद्यावरचा मजकूर वरखाली सरकविण्यासाठी. पुढे त्या कामाला दुसऱ्या सोयी झाल्या आणि ती बिचारी बिनकामाची झाली. इंग्रजीने टाकून दिलेली ही कळ मराठीने उचलली. आपल्याकडच्या अनेक मराठी प्रणालींत हीच कळ दाबून इंग्रजीची मराठी होई. म्हणजे तिसरा दिवा पेटला की मराठी, विझला की इंग्रजी. छापखान्यांतून, कोर्टाबाहेरच्या टपऱ्यांतून, लग्नपत्रिकांच्या दुकानांतून एका पिढीने या दिव्याकडे तिरपा डोळा ठेवून मराठी लिहिली आहे.

टंकयंत्रावर हा प्रश्नच नव्हता. मराठी यंत्र मराठीच उमटवी. एकाच कळीखाली दोन लिप्या नांदू लागल्या तेव्हा कोणती जागी आहे, हे सांगायला दिवा लागला. तशी या मुलखाला लिप्यांची अदलाबदल नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा प्रदेश. कचेरीत उर्दू, जुन्या कागदांत मोडी, पोथीत बाळबोध. कुठल्या दारात कुठली लिपी चालते, हे इथल्या माणसाला ठाऊक असावेच लागे.

आणि नेमका तोच तिसरा दिवा पेटत नव्हता.

वाचक म्हणतील, पडद्यावर पाहावे की! पाहता आले असते. पण ओवी सांगणारी बाई मजकूर सांगत नाही, गाते. दुकानदाराचे कान आजींकडे, बोटे कळींवर आणि नजर आजींच्या ओठांवर. मध्येच इंग्रजी नाव लिहिण्यासाठी कळ दाबली आणि पुन्हा दाबायची राहिली, की तीन ओळी रोमन अक्षरांचे कडबोळे होऊन बसत. मग “आजी, पुन्हा म्हणा.” पुन्हा म्हटलेली ओवी तीच नसते. पहिल्या वेळी लेक माहेरी आलेली असते, दुसऱ्या वेळी ती वाटेतच असते. आजी तिसऱ्यांदा थांबल्या आणि म्हणाल्या, “कामून थांबवतूस रं बाबा? सूर तुटला की मला सापडत न्हाई.” चार दिवसांतला एक दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने एका तरुणाला बोलावले. मोटारींचे स्टार्टर आणि मोबाइल, दोन्ही दुरुस्त करणारा. त्याने कीबोर्ड हातात घेण्याआधी मला विचारले, “सर, विहिरीवरच्या पेटीत तीन दिवे असतात बघा, लाल, पिवळा, निळा. एक विझला तर काय समजायचं?”

“एक फेज गेली,” मी म्हणालो.

“नाही सर. एक तर फेज गेली, नाही तर नुसता बल्ब गेला. आधी ते ठरवायचं. मग हात घालायचा.”

अख्खी दुरुस्ती या दोन वाक्यांत होती. पुढचे सारे त्याचा विस्तार.

मला वाटे, कळ दाबली की तिचा दिवा ती कळच पेटविते. तसे नाही. कळ फक्त संगणकाला वर्दी देते. संगणक उलट निरोप धाडतो की अमुक दिवा लाव, आणि मग दिवा लागतो. ही दुतर्फा बोलणी १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रापासून सुरू झाली. तीन दिव्यांसाठी निराळ्या तारा नाहीत. केबलमधून येतात त्या चारच, दोन विजेच्या आणि दोन बोलण्याच्या. निरोपही हिशेबी: स्क्रोलचा १, आकड्यांचा २, मोठ्या अक्षरांचा ४, तिन्ही लावायचे तर ७. म्हणजे दिवा विझला तर दोष कुठेही असू शकतो: कळीत, केबलमध्ये, संगणकात, मराठी प्रणालीत किंवा दिव्यातच.

त्याने कळ दाबून एक अक्षर उमटविले. मराठी आले. पुन्हा दाबून उमटविले. इंग्रजी आले. कळ शाबूत, वर्दी पोचते आहे. बाकीचे दोन दिवे लावले-विझविले. ते ऐकत होते; म्हणजे केबल आणि उलट निरोपही ठीक. मग त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि म्हणाला, “आता दिव्यांकडंच बघा.” सुरू होताना कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि क्षणभर तिन्ही दिवे लुकलुकवितो. यात मराठी प्रणालीचा काही संबंध नाही. ती तेव्हा जागीही झालेली नसते. तिन्ही लुकलुकले असते तर दिवे निर्दोष आणि खोट पलीकडे. एकही लुकलुकला नसता तर वीज किंवा केबल पाहायची. लुकलुकले दोनच. “बल्ब, नाही तर त्याचा जोड,” तो म्हणाला.

संगणक पुरता बंद करून मगच त्याने केबल काढली. असली जुनी केबल चालू यंत्रातून ओढली तर आतला फ्यूज जाण्याची भीती असते. खालचे स्क्रू काढले, एक कागदी लेबलाखाली दडलेला निघाला. उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो घेतले. आत पंचवीस वर्षांची धूळ, बिस्किटाचा चुरा, एक टाचणी. ब्रशाने सारे झाडून त्याने मीटरच्या दोन सुया दिव्याच्या पायांना लावल्या. या दिव्याला उलटसुलट चालत नाही. वीज एकाच बाजूने जाते. पाय कापलेले असले तर दिव्याची चपटी कड पाहावी, ती ऋण बाजू. सुया लागताच दिवा मिणमिणला. जिवंत होता! शेजारचा रोधही मोजला, तो ३३० ओहम भरला. तो नसेल तर पाच व्होल्टचा दाब या दोन व्होल्टच्या दिव्याला जाळून टाकील.

मग त्याने घड्याळजीचे भिंग लावले आणि मलाही दाखविले. दिव्याच्या पायाभोवतीच्या कथिलाला केसाएवढी गोल चीर गेली होती. लहानपणी तांबट गळक्या भांड्याला डाख देताना मी पाहिले होते; हा त्याच डाखाचा धाकटा भाऊ. तापलेली अणी दोन-तीन सेकंद टेकवली, नवे कथिल चमकले. जास्त वेळ टेकवली तर दिवा भाजतो आणि खालचा तांब्याचा पापुद्रा उचलला जातो, असे तो म्हणाला. दिवा खरोखर मेला असता तर तेवढ्याच मापाचा दुसरा, बाजू सांभाळून, बसवावा लागला असता. त्याची किंमत चहाहून कमी.

झाकण लागले, संगणक सुरू झाला. तिन्ही दिवे लुकलुकले.

मी घरी येताना पुष्कळ वेळ त्याच्या पहिल्या प्रश्नाचा विचार करीत होतो. गावांतून मराठी गेली, ओव्या गेल्या, जाती गेली, असे आम्ही परिसंवादांतून म्हणत असतो. विझलेला दिवा पाहून आम्ही लगेच फेज गेली असे जाहीर करतो. दिंद्रुडला फेज गेलेली नव्हती. आजी बसलेल्या होत्या आणि गात होत्या. मध्ये केसाएवढी चीर पडली होती, आणि ती भिंग लावून पाहायला कोणी आले नव्हते.

उरलेल्या दोन रात्री दुकान उशिरापर्यंत उघडे होते. आजी डोळे मिटून, हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवीत गात. दुकानदार तिरपा डोळा दिव्यावर ठेवून लिहीत होता. कुठे थांबायला सांगावे लागले नाही. दुसऱ्या रात्री मला त्यांनी विचारले, “गुर्जी, हे वाचील कोन?” मी म्हटले, “पोरी वाचतील.” त्यावर त्या म्हणाल्या, “वाचू नका म्हनावं, म्हना.”

पहाटे गाडी भरली. भांडी, गोधड्या, शेळी आणि सर्वांत वर आजी. दुकानदाराने तोवर साऱ्या ओव्या युनिकोडमध्ये उतरवून नव्या यंत्रावर, पेनड्राइव्हवर आणि कागदावर अशा तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. जुने यंत्र मात्र त्याने पुन्हा झाकून ठेवले. आजी उन्हाळ्याच्या तोंडी परत यायच्या आहेत आणि पाळण्याच्या ओव्या अजून घ्यायच्या राहिल्या आहेत.