धुऱ्यावरची लोकर

अकोट, ६ जानेवारी

चि. बापू,

काल फोनवर तू फार चिडला होतास, म्हणून मी काही बोललो नाही. आज सकाळी तुझ्या वावरात जाऊन आलो. तुझा राग खरा आहे. धुऱ्यालगतची सात-आठ तासं शेजाऱ्याच्या मेंढ्यांनी पार जमिनीसरशी केली आहेत. नुकते भरू लागलेले घाटे गेले, फांद्याही गेल्या. खारपाणपट्ट्यातला कोरडवाहू हरभरा तो, विहिरीचं खारं पाणी देऊन काही उपयोग नाही. तेवढं पीक गेलंच समज.

मग वावराची काटेरी कुपाटी बघत फिरलो. नाल्याकडच्या कोपऱ्यात बोरीच्या काट्या वाळवीनं खालून पोखरल्यात, आणि तिथे जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर काट्याकाट्याला लोकर अडकलेली आहे. तीच त्यांची वाट. तू वरून आणखी एक तार ओढणार म्हणतोस, पण मेंढी सहसा उडी मारत नाही, ती डोकं घालून खालून शिरते. एक शिरली की सगळा कळप तिच्या मागे. झटका मशीनचंही तेच. रोही-नीलगायींसाठी लावलेली तुझी तार कमरेएवढी आहे. खालची तार वीतभरावर आण. लोकरीतून झटका जाणवत नाही, नाकाला लागला तरच मेंढी मागे फिरते. तारेला गवत टेकू देऊ नकोस. आणि घरची लाइन तारेत कधीही सोडू नको, बापू. जागलीला गेलेलं माणूस त्यात मरतं.

मेंढ्या कोंडायचं म्हणशील, तर कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे, त्यात मेंढीही येते. पिकात सापडलेलं जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचा तुला हक्क आहे. घरी कोंडून पैसे मागायचा मात्र नाही. मी एकदा अशा अकरा मेंढ्या हाकत नेल्या होत्या. मालकानं दंड भरून त्या सोडवल्या आणि आठवड्याच्या आत त्या पुन्हा माझ्या तुरीत! त्यांनी जावं तरी कुठे? तुझ्या आजोबांच्या वेळी ई-क्लास सरकारी जमीन चराईला मोकळी होती. आज तिथे पिकं उभी आहेत, आणि ती पेरणाऱ्यांत आपलेही लोक आहेत.

मला एक वाट सुचते. तुझ्या दुसऱ्या वावरातली कपाशीची शेवटची वेचणी झाली ना? आता आणखी बोंडांसाठी पऱ्हाटी राखून फरदड घेऊ नकोस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडे काय केलं ते तू पाहिलंस. उरल्यासुरल्या किडक्या बोंडांतच ती तग धरते, म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडा असं कृषी खात्याचे लोकही सांगतात. तर शेजाऱ्याला म्हणावं, हरभरा सोंगेपर्यंत कळप माझ्या पऱ्हाटीत चार, रात्री तिथेच बसव. पाला आणि बोंडं त्याच्या मेंढ्यांना, लेंडीखत तुझ्या वावराला. शेवटची फवारणी कधी केली ते आधी सांग, नाहीतर त्याची जनावरं दगावतील. गेलेल्या तासांची भरपाई मात्र सोडू नकोस. गावातल्या दोन जाणत्यांना बसवून ती ठरव.

रविवारी सकाळच्या एसटीनं ये. मी बाभळीच्या काट्या तोडून ठेवतो. बुंधे आत, शेंडे बाहेर, अशा दाबून नाल्याकडचा कोपरा दुपारच्या आत बुजवू. मग दोघं मिळून शेजाऱ्याच्या घरी जाऊ.

तुझा,
काका