पातेल्याच्या तळाशी

कोलोनला आलो त्याच वर्षी डिसेंबरात, कॅथेड्रलजवळच्या नाताळच्या बाजारात मी पहिल्यांदा रीवकोखे खाल्ले. कागदी ताटलीत तीन, कडा करकरीत, मधे मऊ आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. पहिल्या घासालाच वाटलं, हे तर आपलं उपासाचं बटाट्याचं थालीपीठ, जरा तेलात डुंबून आलेलं. रीवकोखे हा कोलोनच्या बोलीतला शब्द. पुस्तकी जर्मनमध्ये राइबेकूखन, आणि इतर बऱ्याच भागांत कार्टोफेलपुफर. ‘राइबेन’ म्हणजे किसणं, म्हणजे नावातच निम्मी कृती आली. एवढ्या सोप्या पदार्थासाठी थंडीत रांगेत कशाला उभं राहायचं, असं म्हणून पुढच्या रविवारी घरीच करायला घेतले.

किसणीला हात लावण्याआधी आईला फोन केला. आईचं माहेर मंचरकडचं, बटाट्याच्या मुलखातलं, त्यामुळे बटाट्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. “कीस दोन-तीन पाण्यांतून चांगला धुऊन घे, नाहीतर गिच्च गोळा होईल,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर उपासाचा बटाट्याचा कीस होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी इमानेइतबारे तीनदा धुतला, निथळला, त्यात कांदा, अंडं, थोडी कणीक घातली आणि तव्यावर टाकला. उलटायला गेलो तर एकाचे चार तुकडे झाले, चाराचे आठ. शेवटी सगळं परतून चमच्यानं खाल्लं. चव वाईट नव्हती. अंडं घातलेला आईचाच कीस होता तो.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांना ही फजिती सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी कुठं टाकलंत?”

“सिंकमध्ये.”

“मग रीवकोखेही तिथंच गेले.”

पुढच्या शनिवारी त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभं केलं. एक किलो बटाटे. इथं पिशवीवरच लिहिलेलं असतं, शिजल्यावर घट्ट राहणारा की पिठूळ होणारा. त्यांनी मधल्या जातीचा घेतला होता. बटाटे सोलून बारीक भोकांच्या किसणीवर किसले, त्यातच एक मोठा कांदा किसला. कांद्यामुळे बटाटा लवकर काळा पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मीठ अजून घालायचं नाही, कारण मीठ पडलं की कीस पाणी सोडतच राहतो. कीस सुती फडक्यात बांधून पातेल्यावर अंगातलं बळ काढून पिळला. तांबूस, गढूळ पाणी साठलं. मी पातेलं उचलायला गेलो तशी त्यांनी माझा हात धरला. “दहा मिनिटं थांबा.”

दहा मिनिटांनी त्यांनी वरचं पाणी अलगद ओतून दिलं. तळाशी पांढराशुभ्र, बोटानं खरवडावा लागेल इतका घट्ट थर बसला होता. बटाट्याचं सत्त्व. मी तीन पाण्यांत धुऊन घालवलं होतं ते हेच. ते किसात परत कालवलं, दोन अंडी, दोन-तीन चमचे मैदा, मीठ, किंचित जायफळ. पसरट तव्यात बोटाच्या पेराएवढं तेल मध्यम आचेवर तापवून चमच्यानं गोळे सोडले आणि दाबून पातळ केले. कड तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही, हा शेवटचा धडा. तीन-चार मिनिटांनी उलटले तर एकही फुटला नाही.

जूनमधल्या संकष्टीला मला हे आठवलं. इथं उन्हाळ्यात चंद्रोदयाला जवळजवळ मध्यरात्र होते, तोवर फराळाचं काहीतरी हवं. अंडं नको, कांदा नको, मैदा तर नकोच. मग बांधून काय ठेवणार? तळाशी बसलेलं सत्त्व. किसलेला बटाटा पिळला, सत्त्व परत घातलं, वर जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि सैंधव. लहान-लहान थापून तुपावर भाजले. जरा नाजूक होते, उलटताना जपावं लागलं, पण अखंड उतरले. सफरचंदाच्या गराऐवजी दही घेतलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं ते पाणी मी तुळशीला घालत होते.”

आषाढी एकादशीला तिचाच फोन आला. कीस नेहमीसारखा धुतला होता, तो तसाच मोकळा व्हायला हवा. पण पहिलं पाणी तिनं पातेल्यात झाकून ठेवलं होतं आणि तळाशी बसलेलं थालीपिठात घातलं होतं. “वरीचं पीठ निम्मंच लागलं रे,” ती म्हणाली, “आणि वरचं पाणी तुळशीला.”