अर्ध्या गुणाची गोष्ट

बुद्धिबळ शिकवताना माझे आजोबा स्वतःचा एक हिशेब पाळत. हत्तीने किंवा वजिराने दिलेली मात साधी. प्याद्याने दिलेली, म्हणजे प्यादेमात, खरी. त्या प्यादेमातीच्या हव्यासापायी मी जिंकत आलेले कितीतरी डाव घालवले. मोजण्याची रीत बदलली की खेळणाऱ्याची बुद्धीही बदलते, हा धडा मला तेव्हाच मिळाला होता. तो कळला मात्र फार उशिरा. महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात महसूल न्यायालयांची देखरेख माझ्याकडे आल्यावर.

विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला शून्य, ही बुद्धिबळातील रूढ पद्धत न्याय्यच वाटते. तरीही १९६२ साली क्युरासाओ येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंमधील आपसातले बाराही डाव बरोबरीत सुटले. आपसात दमायचे नाही आणि इतरांवर गुण मिळवायचे, असा त्याचा अर्थ लावला गेला. बॉबी फिशरने जाहीर तक्रार केली आणि पुढच्या खेपेपासून स्पर्धेऐवजी बाद पद्धतीचे सामने आले.

उलट टोकाचा नियमही फसला. १९८४ च्या कार्पोव-कास्पारोव लढतीत बरोबरीला किंमतच नव्हती. जो प्रथम सहा डाव जिंकेल तो विजेता. कार्पोव पाच-शून्य असा पुढे गेला, पण सहावा विजय काही मिळेना. पाच महिने, अठ्ठेचाळीस डाव, त्यांतील चाळीस बरोबरीत! अखेर फेब्रुवारी १९८५ मध्ये सामना निकालाविना थांबवण्यात आला. बरोबरीला शून्य दिल्याने बरोबरी नाहीशी होत नाही. ती केवळ फुकट होते.

मग २००८ साली बिल्बाओच्या स्पर्धेत फुटबॉलप्रमाणे विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण देण्यात आला. जुन्या पद्धतीत निम्मी संधी असलेला धोका आणि खात्रीची बरोबरी यांचे मोल सारखेच, अर्धा गुण. नव्या पद्धतीत तोच धोका सरासरी दीड गुणाचा झाला आणि बरोबरी एका गुणाची राहिली. साहस फायद्याचे ठरले. मला ही कल्पना इतकी आवडली की वर्षभरात मी ती कचेरीत आणली.

आमच्याकडे दर महिन्याला निकाली प्रकरणांची संख्या मोजली जाई. प्रत्येक प्रकरणाला एक गुण. साहजिकच बिनविरोध फेरफार भराभर निघत आणि भाऊबंदकीची जुनी प्रकरणे तारखांवर जगत. मी नियम केला : तीन वर्षांहून जुन्या प्रकरणाच्या निकालाला तीन गुण. दोन महिन्यांतच जुने गठ्ठे हलू लागले. बैठकीत माझी वाहवा झाली आणि मला ती गोड लागली, हेही कबूल केले पाहिजे.

त्या पावसाळ्यात एक वृद्ध विधवा भेटीला आली. दिराशी जमिनीचा वाद होता. युक्तिवाद संपून पाच महिने झाले होते, पण आदेश निघत नव्हता. मी फाइल मागवली. आदेशाचा मसुदा तयार होता, फक्त सही नव्हती. पेशकाराला विचारले. तो गृहस्थ प्रामाणिक होता. खाली मान घालून म्हणाला, "हुजूर, दोन महिने थांबलो की तीन वर्षे पूर्ण होतात."

मी काय बोलणार? नियम माझाच होता. चौकशी केली तेव्हा अशी आणखी प्रकरणे सापडली, जणू अढीत पिकायला घातलेले आंबे. तीन-एकच्या पद्धतीतील ही फट पटावरही आहे. दोघांनी दोन डाव बरोबरीत सोडवले तर प्रत्येकी दोन गुण. ठरवून एकेक डाव एकमेकांना दिला तर प्रत्येकी तीन. बिल्बाओत कोणी असे केले असे मी म्हणत नाही. पण नियमाने तशी वाट उघडली होती. मी मात्र बक्षिसाची रक्कम पाहिली, उंबरठा पाहिला नाही.

बाईंचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. तीन वर्षांची अट मी काढून टाकली. युक्तिवाद संपल्यानंतर आदेशाला लागलेले दिवस मोजायला सुरुवात केली आणि दरमहा दहा फाइली, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, स्वतः वाचू लागलो. या नव्या रीतीलाही कोणीतरी वाट काढली असेलच. म्हणून तर वाचणे थांबवले नाही.

मित्रहो, पटावरचे दोघे गुणांसाठी खेळतात आणि ते योग्यच आहे. डाव त्यांचाच असतो. कचेरीतला डाव मात्र ज्याचा असतो, तो बाहेर बाकावर बसलेला असतो आणि गुणपत्रिकेत त्याचा रकाना नसतो. त्या बाईंचे पाच महिने माझ्या तक्त्यात कुठेच उमटले नव्हते. उलट त्या महिन्यांत माझा जिल्हा पहिला आला होता.