टाकी गळत नाही, पण मासे का मरतात?

आज राजकारण नाही. विषय साधा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. तो तुमच्या माझ्या पिण्याच्या पाण्यापर्यंत जातो.

आपल्याकडे हल्ली पावसाळ्याआधी शाकारणीइतकीच घाई आणखी एका कामाची असते. अंगणात नाहीतर बंगल्याच्या आवारात छोटं तळं, दगडी धबधबा, कारंजं बांधायचं आणि त्यात रंगीत मासे सोडायचे. तुंगार्ली, कार्ला, पवनानगर, कुठेही जा, दिसतंच. आणि चार-आठ दिवसांनी एक फोनही येतो, "दादा, मासे उलटे झाले, दुकानदाराने रोगट दिले बहुतेक." कोणी उन्हाला दोष देतं, कोणी म्हणतं नजर लागली. टाकीच्या भिंतीकडे बघत मात्र कोणी नाही.

वॉटरप्रूफ असणं आणि माशाला सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावर फक्त पहिलीची हमी असते.

सिमेंटपासून सुरुवात करू. नव्या गिलाव्यातून चुना पाण्यात उतरतो. मासा साडेसहा ते साडेआठ पीएचच्या पाण्यात सुखात राहतो. नव्या सिमेंटला टेकलेलं पाणी अकरा-बाराच्या घरात जाऊ शकतं. त्यात माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि पीएच जितका जास्त तितका तो जास्त विषारी. म्हणून मासे पहिल्या दिवशी ठीक दिसतात आणि आठवड्यात जातात. जुने मत्स्यपालक नवी टाकी भरून त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे कुजत ठेवतात, पाणी दोन-तीनदा बदलतात, तीन आठवडे थांबतात. ही अंधश्रद्धा नव्हे. कुजताना तयार होणारी आम्लं चुना मारतात. शेवटी पीएचची पट्टी बुडवून बघायची. जलतरण तलावाचं सामान विकणाऱ्याकडे ती मिळते.

आता लेपाचं. आपल्या गवंड्यांचा आवडता उपाय म्हणजे ब्लॅक जपान नाहीतर डांबर. "साहेब, एक हात मारू, दहा वर्षं बघायला नको." गच्चीला ठीक आहे. पण त्यातले तेलकट घटक पाण्यात उतरतात, उन्हात तर जास्तच. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की समजा, हे पाणी माशाचं नाही. गच्चीच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या काही लेपांत शेवाळ-बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. शेवाळ मारणारी वस्तू माशाला सोडेल कशी?

सिलिकॉनचं तसंच. बाथरूमचं म्हणून मिळतं त्यात बहुधा बुरशीनाशक असतं, ते नको. मत्स्यपेटीसाठीचं शुद्ध सिलिकॉन घ्या. लावताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, सुकल्यावर जातो. पण ते काचेला धरतं, सिमेंटला नीट धरत नाही. म्हणून भिंतभर फासायला नव्हे, काचेच्या सांध्यापुरतं. सिमेंटच्या भिंतीला पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी प्रमाणित असलेला इपॉक्सी किंवा सिमेंट-पॉलिमर लेप घ्या आणि कंपनीने सांगितलेले दिवस पूर्ण सुकू द्या. हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून सुकलं असं नसतं, आपल्या दमट हवेत तर नाहीच.

आणि सगळ्यात सोपा उपाय आपल्या शेतकऱ्यांकडेच आहे. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. त्यात लोक मासे वाढवतात, विकतात. भारतीय मानक १५३५१ चा शिक्का बघून घ्या, खड्ड्यात अंथरा, कडेला दगड रचा. लेपाची भानगडच नाही.

आता तुम्ही म्हणाल, माझी टाकी, माझे मासे, गावाला काय त्याचं?

हिशोब करू. सहा बाय चार फूट, दोन फूट खोल टाकीत साडेतेराशे लिटर पाणी मावतं. लोणावळ्यात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसाने त्या भरलेल्या टाकीतून सुमारे साडेचारशे लिटर, म्हणजे एक तृतीयांश पाणी एका दिवसात बाहेर पडतं. ते गटारात, गटारातून ओढ्यात. लोणावळ्याकडचं इंद्रायणीला मिळतं आणि देहू-आळंदीला जातं. पवनानगरकडचं पवना धरणात, जिथून पिंपरी-चिंचवड पाणी पितं. एका टाकीने नदी मरत नाही, हे खरं. पण बंगले मोजा.

आपल्या डोंगरातल्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. गेळफळ ठेचून डोहात टाकलं की मासे वर येतात, हे त्यांना माहीत आहे. किती थोड्या वस्तूने किती पाणी बिघडतं, याचा अंदाज त्यांना आहे. आपल्याला डब्यातल्या वस्तूबद्दल तो नाही.

ज्या पाण्याबद्दल बोलतोय त्याची योग्यताही लक्षात घ्या. दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव तोर खुद्री, याची नोंद साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच केली. त्याच महाशीराची पिल्लं वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून तयार होतात आणि देशभरच्या पाण्यात सोडली जातात. एकीकडे आपल्या गावातून नद्यांना मासा जातो. दुसरीकडे आपल्याच आवारातून ओढ्याला काय जातंय, हे कोणी विचारत नाही.

म्हणून दुकानात तीन प्रश्न विचारा. हे पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतं का? यात बुरशीनाशक आहे का? पूर्ण सुकायला किती दिवस? उत्तर तोंडी नको, कंपनीचा माहितीचा कागद मागा. कागद नसेल तर डबा परत. शंका राहिली तर कौलाच्या तुकड्याला लेप लावा, सुकवा, आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा. वास, तवंग, पीएच बघा. आणि टाकीच्या सांडव्याला बारीक जाळी लावा, विदेशी मासे ओढ्यात नकोत.

एक मागणी नगरपरिषदेकडे आणि ग्रामपंचायतींकडेही. बंगल्याच्या, हॉटेलच्या बांधकाम परवानगीत शोभेच्या तळ्याला कोणता लेप आणि सांडवा कुठे, एवढी एक ओळ घाला. खर्च शून्य आहे.

ज्यांच्याकडे या हंगामात असं काम चालू आहे त्यांना ही पोस्ट पाठवा. आणि गवंड्याला वाचून दाखवा. शेवटी ब्रश त्याच्या हातात आहे.