प्रॅक्टिस किती वाजता, मावशी?

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की सगळी पावलं शाहू स्टेडियमकडे वळतात. त्यामुळे ताई-दाजींकडे श्रीपेरुंबुदूरला राहायला आले आणि माझा ११ वर्षांचा भाचा कॉलनीच्या टीममध्ये खेळतो हे कळलं, तेव्हा मला कोण आनंद झाला!

मी घरून कंटेंट रायटिंग करते. कोच अण्णा म्हणाले, "तुम्ही लॅपटॉपवरच असता ना? मग टाइमटेबल तुम्हीच बनवा." त्यात काय अवघड? मंगळवार, गुरुवार, रविवार, संध्याकाळी ५.३० ते ७. हजर तो हिरवा, गैरहजर तो लाल. सलग दोन लाल झाले की पुढच्या मॅचला बाहेर.

पहिली प्रॅक्टिस रविवारी ठेवली, तर निम्मी मुलं आलीच नाहीत. शेजारच्या पाट्टींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. रविवारी ४.३० ते ६ राहुकाळ. त्यात नवीन काम सुरू करायचं नसतं! मी मुकाट्याने मंगळवारी श्रीगणेशा केला.

मग उजेडाची गंमत. जूनमध्ये कोल्हापुरात संध्याकाळी ७ वाजताही सूर्य असतो. इथे तो जवळपास अर्धा तास आधीच मावळतो आणि नोव्हेंबरमध्ये तर पावणेसहाच्या आत. शिवाय आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा इथला खरा पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. मैदानाचं तळं होतं आणि त्यातच सहामाही परीक्षा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं. गोलकीपरचं नाही.

तो १२ वर्षांचा, अबोल मुलगा. त्याचे सलग दोन लाल चौकोन झाले आणि नियमाप्रमाणे मी त्याचं नाव काढलं. मॅचच्या दिवशी तो हातमोजे घालून कंपाउंडच्या भिंतीवर बसला होता. शेवटपर्यंत त्याने ते काढले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून तो यायचाच बंद झाला.

मी त्याच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "शिफ्ट मारिडुच्चु." माझ्या कानाला फक्त 'मार' ऐकू आलं आणि काळजात धस्स झालं. भाच्याने हसत सांगितलं, "अगं मावशी, शिफ्ट बदलली म्हणतायत!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. श्रीपेरुंबुदूर कारखान्यांचं गाव. इथे कितीतरी घरांचं घड्याळ शिफ्टवर चालतं. त्या मुलाचं घर मैदानापासून ४ किलोमीटर लांब. बाबांची सकाळची शिफ्ट असली की ते त्याला बाइकवर आणायचे, दुपारची लागली की आणायला कोणीच नाही. आईसुद्धा कामावर. आमच्या दाजींचीही शिफ्ट बदलते, पण भाच्याला सोडायला मी घरी असते. म्हणून त्याचे चौकोन हिरवे. मी मुलांची शिस्त मोजत होते की त्यांच्या घरची सोय?

त्या रात्री शीट पुसली. आता दर शनिवारी ग्रुपवर एकच प्रश्न टाकते: पुढच्या आठवड्यात कुणाची कोणती शिफ्ट? त्यावरून कोण कुणाला गाडीवर आणणार ते ठरतं. मंगळवार आणि रविवार पक्के, गुरुवार ऐच्छिक. वेळ ४.३० ते ५.४५. पावसाचा निर्णय दुपारी ३ पर्यंत. आधी कळवलं तर ती गैरहजेरी धरत नाही. कोच अण्णा सुरुवातीला कुरकुरले, "मग शिस्त कशी राहणार?" मी म्हटलं, "कळवणं हीच शिस्त."

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवाच तीन मुलं न कळवता गायब होती. पण गोलकीपर परत आला. त्याला आणायची जबाबदारी दर पंधरवड्याला आमच्या स्कूटरवर असते. पहिल्या दिवशी तो मागे बसला आणि हळूच म्हणाला, "अक्का, लेट झाला तर पुन्हा लाल?"

मी नाही म्हटलं, पण तो प्रश्न अजून मनात आहे.

तुमच्या मुलांच्या टीममध्ये कुणी वारंवार गैरहजर असेल, तर नाव काढण्याआधी त्याच्या घरी एक फोन नक्की करा.