पायऱ्या असलेली विहीर पाहिजे

मागच्या शनिवारी मेहकरला होतो. आईने जमिनीच्या कागदांसाठी बोलावलं होतं, पण कागद राहिले बाजूला, कारण सकाळी सातलाच काका दारात हजर. हे काका आमचे सख्खे नव्हेत, अख्ख्या गल्लीचे आहेत.

"काय रे, तुझ्या मोबाइलच्या नकाशात विहिरी दिसतात का?"

थोडं मागे जाऊन सांगतो. आमच्या गावात पोहणाऱ्यांची एक कंपनी आहे. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. भांडवल म्हणजे तेलाचे दहा-बारा रिकामे डबे, दोन दोर आणि ट्रॅक्टरची एक ट्यूब. परीक्षा संपल्या की रोज सकाळी पोरांच्या पाठीला डबे बांधायचे आणि त्यांना पाण्यात ढकलायचं, ते थेट मृगाच्या पावसापर्यंत. मीही तसाच शिकलो. आठव्या दिवशी काकांनी न सांगता डबा सोडला होता, त्याचा राग मला अजून आहे.

तर या कंपनीला गेली दोन वर्षं पाणीच नाही.

आधी पैनगंगेतला डोह होता. नदीवर पेनटाकळीचं धरण झालं, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडायला लागलं. त्यात वाळू उपसून उपसून तळाला असे खड्डे पडले की पाणी आलं तरी कुठे गुडघाभर आणि कुठे दोन पुरुष, याचा भरवसा नाही. मग एका ओळखीच्या शेतातली मोटेची जुनी विहीर मिळाली. वीसेक वर्षं तिथेच चाललं. मालक गेले, मुलांनी जागा विकली, भोवती कंपाउंड आलं. तिसऱ्या विहिरीच्या मालकाने हात जोडले, "उद्या काही झालं तर?" त्याचंही चुकलं नाही म्हणा.

पुण्यात नोकरीला आल्यावर मी पहिल्यांदा बोट क्लब हा प्रकार बघितला. रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा. सीओईपीची रेगाटा 1928 पासूनची. संध्याकाळी नदीवर दिवे, संगीत, होड्यांच्या रचना... मी तर थक्कच झालो. तेव्हा वाटलं, यांना बरं आहे, यांचं घर पक्कं आहे. पुढे त्याच नदीवर हिरवीगार जलपर्णी पसरलेली बघितली. होड्या आहेत, शेड आहे, दीडशे वर्षांचा बोर्ड आहे, आणि वल्हं मारायला पाणी दिसत नाही. म्हणजे पत्ता कायम, पण घर गेलेलं. त्या दिवसापासून मला आमची कंपनी फारशी गरीब वाटत नाही.

असो. तर नकाशा. उपग्रहाचं चित्र उघडून काकांना दाखवलं. गावाबाहेर निळे-हिरवे चौकोनच चौकोन. मी खूश, "काका, हे बघा, पाणीच पाणी!" काका म्हणाले, "ते शेततळे आहेत, बाप्पा. चाल, दाखवतो."

2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर अशी तळी सगळीकडे दिसतात, आणि कोरडवाहू शेतीला त्यांचा आधार मोठा आहे. पण काठावर उभं राहिलो आणि कळलं. चारी बाजूंनी उतरता काळा प्लास्टिक कागद, त्यावर शेवाळ. काकांनी चप्पल काढून नुसता पाय टेकवला आणि तो सर्रकन घसरला. मी दंड धरला म्हणून ठीक. "ज्याला पोहता येते तोही याच्यातून वर येऊ शकत नाही," काका म्हणाले. "धरायला काहीच नाही. म्हणून तर शिकवणं आहे. पोरं ऊन्हाचे इथंच येतात ना."

धरणात का नाही, असंही मी विचारून घेतलं. तर उन्हाळ्यात पाणी रोज मागे सरकतं आणि मागे चिखल ठेवतं. लहान पोराचा पाय त्यात रुतला की संपलं. पाहिजे पायऱ्यांची विहीरच.

उन्हात फिरताना मला दत्तू भोकनळ आठवला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा पोरगा. सैन्यात गेला, पुण्यात वल्हं हातात धरलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. काकांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं खणलेल्या विहिरीले पायऱ्या होत्या का?"

दुपारी दीडला पाचवी विहीर. बांधीव, दगडी पायऱ्या पार तळापर्यंत, पाणी स्वच्छ. मालकीण सत्तरीच्या आजी. आम्ही विचारलं, त्यांनी पाणी दिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माह्या नातीले शिकवसान त या."

काका गप्प. आजवर आमच्या कंपनीत एकही मुलगी आलेली नाही, आणि हे माझ्या लक्षात तिथे, त्या क्षणी आलं. चाळीस वर्षं! मीही कधी विचारलं नव्हतं, आणि माझी बहीण अजूनही पाण्याला भिते.

"ते पोरं असतात ना सगळे..." काका चाचरत म्हणाले.

"मंग पोरायले उशिरा बोलवा. आठले मोटार चालू होते, त्याच्या पह्यले."

परतताना गाडीवर काका काही बोलले नाहीत. गावच्या वेशीपाशी मागून खांद्यावर थाप मारली.

"तुझी बहीण यंदा मे महिन्यात येणार आहे का?"

"का?"

"विचारून ठेव. आणि पुण्याहून दोन लहान जॅकेट आण. पोरीच्या पाठीला तेलाचा डबा बरा नाही दिसत."